पितळातला ताण आणि काडतुसाची मान

रायफलच्या काडतुसाची रिकामी पुंगळी उभी धरली, की तिचे तीन भाग सहज ओळखू येतात. खाली जाड बूड, मध्ये किंचित निमुळते होत गेलेले अंग, आणि खांद्यापाशी एकदम आवळून वर आलेली मान. गोळी धरून ठेवण्याचे काम या मानेचे. दारू किती घालायची, गोळी किती वजनाची, टोपी कोणती, यावर नेमबाज तासन्‌तास बोलतात. मान सरळ आहे का, हा प्रश्न बहुधा नेम बिघडल्यावरच आठवतो. आठवला की बोट शेवटच्या पायरीकडे जाते. पुंगळी पुन्हा भरताना मानेत गोळी दाबून बसवणारा डाय तिरका असेल, तो बदलला की काम झाले, असे मानले जाते. मला उलट म्हणायचे आहे. मान वाकडी होण्याची तयारी गोळी बसवण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. पितळाच्या भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि त्या भिंतीत ताण कोंडलेला असतो, म्हणून. गोळी बसवण्याची पायरी ते वाकडेपण फक्त उघडे पाडते. याचा भक्कम पुरावा नेमबाजीच्या मैदानावर नव्हे, तर हिंदुस्थानातल्या पावसाळ्यात, घोड्यांच्या तबेल्यात मिळाला. पण त्याकडे वळण्यापूर्वी हे वाकडेपण मोजायला हवे.

७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसात मानेची भिंत साधारण ०.४ मिलिमीटर जाड असते. भरलेले काडतूस दोन आधारांवर आडवे ठेवायचे, गोळीवर डायल गेजची सुई टेकवायची आणि काडतूस बोटाने सावकाश फिरवायचे. वसई पूर्वेच्या गोखिवरे-वालीव पट्ट्यातल्या कोणत्याही लेथवाल्याला ही रीत परकी वाटणार नाही. जॉब आउट फिरतो का हे तो असेच बघतो. एका फेऱ्यात सुई ०.१ मिलिमीटर हलली, तर गोळी त्या जागी मध्यरेषेपासून ०.०५ मिलिमीटर सरकलेली असते, कारण सुई उंच बाजू आणि खोल बाजू यांतले पूर्ण अंतर दाखवते. हा निम्म्याचा हिशेब विसरून वाकडेपण दुप्पट सांगणारे पुष्कळ भेटतात.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते? नळीच्या आतल्या पिळदार खाचा गोळीला फिरवतात. ७.६२च्या पुष्कळ रायफलींत हा पीळ सुमारे ३०५ मिलिमीटरला एक फेरा असा असतो. सेकंदाला ८४० मीटर वेगाने निघालेली गोळी त्यामुळे सेकंदाला २,७०० हून अधिक फेरे घेते. गोळी नळीत किंचित तिरकी राहिली आणि तिचे वस्तुमानकेंद्र मध्यरेषेपासून ०.०१ मिलिमीटर बाजूला पडले, तर ते केंद्रही त्याच वेगाने छोट्या वर्तुळात फिरत असतो. नळीचे तोंड सुटताक्षणी गोळी त्या वर्तुळाच्या स्पर्शरेषेने थोडी बाजूला फेकली जाते. हिशेब सोपा आहे. बाजूला जाण्याचा कोन म्हणजे त्या सरकलेल्या अंतराची ६.२८ पट, भागिले पिळाची लांबी. गोळीचा वेग या गणितातून उडून जातो. ०.०१ मिलिमीटरसाठी उत्तर येते ३०० मीटरवर सुमारे ६ सेंटिमीटर. आंतरराष्ट्रीय ३०० मीटर स्पर्धेच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचे असते, म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंत ५ सेंटिमीटर. बाकी सारे बिनचूक असतानाही दहाचा नऊ होतो.

यावर पहिला आक्षेप असा, की मान वाकडी असली तरी नळीच गोळीला सरळ करते. तो बराचसा खरा आहे, म्हणूनच वरच्या हिशेबात मानेपाशी मोजलेले ०.०५ मिलिमीटर न घेता त्याचा पाचवा हिस्साच घेतला. नळी गोळीला बऱ्याच अंशी सरळ करते, पूर्णपणे नाही. गोळीचे तांब्याचे कवच मऊ असते. खाचांमध्ये ती तिरकी शिरली तर खाचांचे ठसे एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ उमटतात, आणि त्याच तिरक्या बैठकीत ती तोंडापर्यंत जाते. नळीने गोळीचा व्यास घट्ट धरला, म्हणून तिचा अक्षही नळीच्या अक्षावर आला असे होत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे, त्यामुळे जास्त वजनदार. अनेकांनी सरळ आणि वाकडी काडतुसे वेगळी काढून झाडून पाहिली आणि लक्ष्यावर फरक दिसला नाही. त्यांचे मोजमाप चुकले, असे म्हणायचे कारण नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे लागते. १०० मीटरवर इतर सगळ्या कारणांनी ५ सेंटिमीटर विखुरणाऱ्या रायफलीत मानेमुळे २ सेंटिमीटरची भर पडली, तर एकूण ५.४ होतात, हा ४ मिलिमीटरचा फरक पाच-दहा गोळ्यांच्या पुंजक्यात दिसणार नाही. हीच भर १ सेंटिमीटरात गोळ्या टाकणाऱ्या स्पर्धेच्या रायफलीत पडली, तर एकूण २.२, म्हणजे दुपटीहून अधिक. मान महत्त्वाची नाही म्हणणारे आणि मानेवाचून काहीच महत्त्वाचे नाही म्हणणारे, दोघेही आपापल्या बंदुकीपुरते बरोबर असू शकतात. अमेरिकेत लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी १९७५ मध्ये सहा मिलिमीटरचे पीपीसी काडतूस आणले. त्याच्या रायफलींमध्ये नळीच्या मागची काडतूस बसण्याची जागा मानेपाशी इतकी तंग ठेवण्याची पद्धत पडली, की मान बाहेरून तासून एकसारखी केल्याशिवाय काडतूस आत शिरतच नाही. बाकीच्या चुका इतक्या कमी झाल्यावरच मानेचा प्रश्न डोके वर काढतो.

आता पितळाकडे. काडतुसाच्या पितळात ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. महाराष्ट्राला हा धंदा नवा नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, भुसावळजवळच्या वरणगावचा १९६४चा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या आल्या, तेव्हा हे दोन्ही म्युनिशन्स इंडियाकडे गेले. जगात कुठेही पुंगळी बनते ती साधारण एकाच वाटेने. पितळी पट्टीतून चकती कापतात, चकतीची वाटी करतात, आणि ती वाटी ठोकळ्याने साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून तिची लांब, पातळ भिंतीची नळी करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होते आणि पुढची ओढ द्यायच्या आधी ते तापवून मऊ करावे लागते, नाहीतर फाटते. पुण्याच्या तांबट आळीत मठार देऊन कडक झालेले भांडे पुन्हा भट्टीत घालतात, ती हीच गोष्ट. वाटी करताना ठोकळा साच्याच्या मध्यावरून मिलिमीटरच्या काही शतांशांनी जरी सरकला, तरी वाटीची एक बाजू जाड आणि समोरची पातळ होते. पुढच्या ओढींनी भिंत लांबते, दोन्ही बाजू पातळ होतात, पण त्यांच्यातले प्रमाण बरेचसे तसेच राहते. मान सगळ्यांत शेवटी येते. तोंडाकडचा भाग निमुळत्या साच्यात दाबून आवळला जातो, आणि मग फक्त मान आणि खांदा पुन्हा तापवतात. लष्करी काडतुसाच्या मानेवर जी निळसर-तपकिरी झाक दिसते ती या तापवण्याची खूण. बाजारासाठी काडतुसे करणाऱ्या कंपन्या ती पॉलिश करून घालवतात, आणि मग गिऱ्हाइकाला वाटते की पितळ तापवलेच नाही.

ही शेवटची तापवणी किती गरजेची आहे, हे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजांच्या कोठारांनी दाखवून दिले. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि दारूगोळा उघाड होईपर्यंत तबेल्यांत ठेवला जाई. उघाड झाल्यावर पेट्या उघडल्या, की पुष्कळ पुंगळ्यांना भेगा गेलेल्या दिसत, विशेषतः गोळीभोवती पितळ आवळले होते तिथे. कोणी त्या हाताळल्या नव्हत्या, झाडल्याही नव्हत्या. ऋतूबरोबर येणाऱ्या म्हणून या भेगांना सीझन क्रॅकिंग म्हणू लागले. खुलासा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळाच्या पृष्ठभागावर बसतो आणि तांबे विरघळवतो. पण त्याने भेग पडायला पितळ आधीच आतून ओढलेले असावे लागते. ताण नसलेल्या पितळावर अमोनियाने डाग पडतील, ते झिजेल, तडकणार मात्र नाही. उपाय याच निदानातून निघाला. घडवून झालेली वस्तू २५० अंश सेल्सिअसच्या आसपास काही काळ ठेवली, तर ताण बराचसा सुटतो आणि पितळाचा कडकपणा जवळजवळ शाबूत राहतो.

विरार पूर्वेला जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी, पापडखिंड धरणाजवळच्या फुलपाड्यात जुलै काढणाऱ्या माणसाला ही परिस्थिती समजावून सांगावी लागणार नाही. हवा चोवीस तास ओली, आणि वसई-विरार पट्ट्यात म्हशींचे तबेलेही आहेत. भेगेची दोन कारणे हवेत तयार असतात; तिसरे पितळात आहे की नाही एवढाच प्रश्न. आणि आपल्या युक्तिवादासाठी महत्त्वाचे ते हेच. कोठारात जाताना त्या पुंगळ्या तपासणीत पास झालेल्या होत्या. आकार बरोबर, पृष्ठभाग गुळगुळीत. ताण मोजमापात कुठेच दिसत नव्हता, तरी तो होता. अमोनियाने तो निर्माण केला नाही, बाहेर काढला.

भेग वेगळी आणि वाकडेपण वेगळे, एकाच्या पुराव्यावरून दुसरे कसे सिद्ध होणार, असे कोणी विचारील. विचारावेच. त्याचे उत्तर धातुशास्त्रातल्या एका जुन्या प्रयोगात आहे. थंड अवस्थेत ओढलेली पितळी नळी लांबीने चिरली तर ती चिरेपाशी आपोआप उघडते. किती उघडली यावरून आत किती ताण होता हे काढतात. नळी न चिरता तिच्या एकाच बाजूची धातू काढून टाकली, तर ती वाकते. म्हणजे ताण हा आकाराला रोखून धरणारा तोल आहे. तोल बिघडला की आकार बदलतो. भेग हा तो बिघडण्याचा टोकाचा प्रकार, वाकणे हा सौम्य. आणि पुंगळी पुन्हा भरताना माणूस प्रत्येक पायरीला हा तोल हलवत असतो.

गोळी झाडली जाते तेव्हा आतला दाब ४०० मेगापास्कलच्या घरात जातो आणि मान काडतूस बसण्याच्या जागेच्या भिंतीला चिकटून तिचाच आकार घेते. त्यामुळे नुकत्याच झाडलेल्या पुंगळीची मान बाहेरून तिच्या आयुष्यात सर्वाधिक सरळ असते. पुढे पुंगळी डायमध्ये घालून मान आवळतात, मग आतून एक गोल गुंडी ओढून ती हव्या मापाची करतात, शेवटी गोळी बसवतात. प्रत्येक पायरीनंतर डायल गेज लावणाऱ्यांना बहुधा असे आढळते, की सुई पहिल्यांदा जोरात हलू लागते ती गुंडी ओढल्यावर, गोळी बसवल्यावर नव्हे. कारण पितळ दाबले तरी पूर्ण दबून राहत नाही, थोडे मागे येते. कडक पितळाची सहनमर्यादा ४३० मेगापास्कलच्या आसपास आणि लवचिकता गुणांक सुमारे १,१०,००० मेगापास्कल. भागाकार केला तर ०.४ टक्के. साडेआठ मिलिमीटरच्या मानेत हे मागे येणे ०.०३ मिलिमीटरहून जास्त भरते. मऊ केलेल्या पितळाची मर्यादा कडकाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास धरली, तर ते ०.०१च्याही खाली येते. आता मानेची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ असेल, किंवा एक बाजू जास्त कडक झाली असेल, तर दोन्ही बाजू सारख्या मागे येणार नाहीत. गुंडी कमकुवत बाजूला जास्त ढकलते आणि मान तिकडे झुकते. गोळी बसवणारा डाय कितीही महाग असला तरी तो आधीच झुकलेल्या भोकात गोळी सरळ कशी बसवणार?

मग भरलेले काडतूस तरफेने दाबून सरळ का करू नये? अशी उपकरणे मिळतात आणि त्यांनी सुई खरोखर स्थिर होते. पण काय होते ते पाहावे. मान ज्या बाजूला झुकली होती तिच्या उलट ढकलली जाते, पितळ सहनमर्यादा ओलांडून वाकते आणि थोडे मागे येऊन थांबते. गोळी मध्यरेषेवर येते, मात्र तिची पकड आता एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल. डायल गेज जागा मोजतो, पकड मोजत नाही. माझ्या मते या उपकरणाचा खरा उपयोग वाईट काडतुसे ओळखून बाजूला काढण्यापुरताच आहे. मान बाहेरून तासून भिंत एकसारखी करण्याची रीत मुळाच्या जास्त जवळ जाते, कारण ती जाडीच बदलते. तिचीही मर्यादा आहे. जाडीचा फरक मानेत संपत नाही, तो खाली अंगापर्यंत उतरलेला असतो. पुढच्या वेळी झाडताना अंगाची पातळ बाजू जास्त ताणली जाते आणि सगळी पुंगळीच किंचित कमानदार होते. अशा पुंगळीची मान कितीही तासली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. म्हणून पहिल्याच वेळी भिंतीची जाडी चहूबाजूंनी मोजून निवड करणे हे कंटाळवाणे काम सगळ्यांत लाभाचे ठरते.

तापवून मऊ करण्यावरचा आक्षेप अधिक गंभीर आहे. मान मऊ केली तर गोळी धरणार कोण? गोळी मानेत टिकते ती मान ताणली गेल्यामुळे; तो ताण पूर्ण घालवला तर गोळी बोटाने फिरेल. हे बरोबर आहे, आणि त्यामुळे ताण वाईट असे सरसकट म्हणता येत नाही. हवा तो ताण चहूबाजूंनी सारखा आणि प्रत्येक पुंगळीत सारखा. दर वेळी झाडून-आवळून मान असमान कडक होत जाते. माफक तापवणी सगळ्या पुंगळ्यांना जवळजवळ एकाच पायरीवर आणते, आणि गोळी बसवताना मान नव्याने ताणली जाते तो पकडीचा ताण त्यानंतरचा असतो. उष्णता बुडापर्यंत पोचणे मात्र धोक्याचे. तिथल्या कडक पितळावरच सगळा दाब तोलला जातो. बूड मऊ झाले तर ते दाबाखाली फाटू शकते आणि गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. यात माफक आणि जास्त यांच्यामध्ये फार जागा नसते.

हे सगळे आपल्याकडे घरच्या टेबलावर करण्याचे काम नाही. शस्त्र अधिनियम, १९५९च्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की महाराष्ट्राच्या रायफल नेमबाजांनी नाव काढले ते पुन्हा न भरता येणाऱ्या काडतुसावर. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्य मिळवले. दोघांच्याही स्पर्धेत .२२चे काडतूस चालते. त्याची टोपी वेगळी नसते. ठिणगी देणारे मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते आणि एकदा चेपले की ती पुंगळी संपली. खांदा आणि आवळलेली मानही त्याला नाही, सरळ नळीच्या तोंडात गोळीची मागची पायरी बसवून कडा आवळलेली असते. तिथे नेमबाजाच्या हातात दुरुस्तीचे एकही साधन उरत नाही. म्हणून या स्तरावरचे खेळाडू वेगवेगळ्या लॉटची काडतुसे आपल्याच नळीतून झाडून पाहतात आणि जो लॉट सर्वांत कमी विखुरतो तोच साठवून ठेवतात. म्हणजे मुळाशी काय आहे ते तपासून निवडणे, नंतर सरळ करण्याची आशा न धरणे. मगाचाच हिशेब इथे लावला, ४०६ मिलिमीटर पीळ आणि ५० मीटर अंतर धरून, तर ०.०१ मिलिमीटरच्या तिरकेपणाने गोळी ७.७ मिलिमीटर बाजूला जाते. या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि रेषेला स्पर्श झाला तरी दहा मिळतात. गोळीच्या स्वतःच्या जाडीमुळे हा फटका दहाच्या कडेला जेमतेम लागतो. थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत तो पूर्ण दहा धरला जाईल. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, आणि तिथे मध्यावरचे १०.९ घसरून १०.० होतात.